एर्हूला नवीन तारा लावल्यावरचा पहिला आठवडा

मी मूळची मिरजेची, तंबोऱ्याची तार नवी असली की सारखी उतरते हे लहानपणापासून बघितलेलं. तरीपण शांघायला नोकरीला आल्यावर एर्हू, म्हणजे बोने (गजाने) वाजवायचं चिनी तंतुवाद्य, शिकायला लागले आणि पहिल्या ग्रेड परीक्षेच्या दोन दिवस आधी दोन्ही तारा बदलून बसले, का तर जुन्या काळवंडल्या होत्या. परीक्षेत पहिली ओळ संपेपर्यंत बाहेरची तार उतरली, बोटं नेहमीच्या जागी पण सूर खाली, आणि मधेच थांबून खुंटी पिळायची सोय नाही. फार रडले त्या दिवशी. नवीन शिकणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय.

एर्हूला दोनच तारा (एर म्हणजे दोन). आतली जाड, ती डी म्हणजे साधारण 294 हर्ट्झ, आणि बाहेरची बारीक, ती ए, 440. बोचे केस या दोन तारांच्या मधून जातात. आतली तार वरच्या खुंटीला आणि बाहेरची खालच्या खुंटीला, हे सुरुवातीला हमखास उलटं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही तारा एकदम काढू नका. मी काढल्या आणि तारांखालची घोडी टपकन खाली पडली (चिनीतपण तिला छिन-मा म्हणतात, मा म्हणजे घोडा, मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला!) आणि छियानजिन, म्हणजे दांडीला आणि तारांना मिळून बांधलेला दोऱ्याचा फास, तोही सैल होऊन घसरला. छियानजिन आणि घोडी यांच्यामधलं अंतर हीच तारेची वाजणारी लांबी, ते एक सेंटीमीटर हललं तरी सगळ्या बोटांच्या जागा बदलतात. त्यामुळे आधी पेन्सिलने बारीक खूण करा, एक तार पूर्ण लावून सुरात आणा, मगच दुसरीला हात लावा. आतली तार घालताना ती दांडी आणि बोचे केस यांच्या मधून जातेय ना आणि छियानजिनच्या फासातून गेलीय ना, हे आधी बघा, नंतर बघाल तर सगळं परत उलगडावं लागतं.

तार चढवताना घाई नको. लाकडी खुंटी असेल तर आत दाबत दाबत फिरवायची, घसरत असेल तर थोडी खडूची पूड लावायची. सूर खालून वर आणायचा, ए च्या पलीकडे नेऊन परत उतरवायचा प्रयत्न बारीक तारेवर करू नका, तुटते आणि तोंडाजवळ असते.

आता खरी गोष्ट. पहिल्या दिवशी तार अर्ध्या तासात उतरणारच, त्यात तारेचा दोष नाही. धातू ताणला जात असतो, खुंटीवरचे वेढे आवळत असतात, खालचा फास बसत असतो. मी काय करते, सुरात आणते, दहा मिनिटं नुसत्या मोकळ्या तारेवर लांब लांब बो ओढते, टोकापासून टोकापर्यंत, हळू, एकसारख्या दाबाने, मग परत सूर लावते. असं दिवसातून तीन-चारदा. आमच्या लाओशी, म्हणजे मॅडम, पहिले दोन दिवस धून वाजवूच देत नाहीत आणि मला ते शंभर टक्के पटतं, कारण तार सरकत असताना धून वाजवली की कान चुकीच्या जागेला सरावतो.

आवाजाचं पण तसंच. नवी पोलादी तार कर्कश, टोचणारी वाजते, आणि मी आबिंग या एर्हूवादकाचं 1950 चं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून बसलेली, मला वाटलं तारा खराब निघाल्या. पण त्याच्या तारा रेशमी होत्या, पोलादी तारा नंतर त्या दशकात सगळीकडे रुळल्या, तेव्हा तो मऊपणा पोलादाकडून मागायचाच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र एके सकाळी आतली तार ओढली आणि ती घोगरी, उबदार वाजली, मी तोच एक स्वर पाच मिनिटं ओढत बसले.

बोच्या केसांना राळ नेहमीपेक्षा कमी लावा, आणि वाजवून झालं की कोरड्या मऊ फडक्याने तारा पुसा, घोडीजवळ पांढरी पूड साचते ती तर रोज. जून-जुलैच्या मेइयूत म्हणजे इथल्या चिकट पावसात एर्हूच्या डब्यावरचं अजगराचं कातडं ओलाव्याने सैल पडतं आणि आवाज बसतो, तेव्हा लगेच तारांना दोष देऊन नव्या आणू नका, दोन कोरडे दिवस थांबा.

परीक्षा किंवा कार्यक्रम असेल तर मी आता पंधरा दिवस आधी तारा बदलते. काढलेली बाहेरची तार बरी असेल तर गोल गुंडाळून एर्हूच्या पेटीत ठेवते. ती आधीच ताणलेली असते, त्यामुळे ऐनवेळी नवी तुटली तर जुनी लवकर सुरात उभी राहते.