कोर्स घेण्याआधी: नोकरी सांभाळून शिकत राहण्याची पद्धत

शिकायचं ठरलं की बहुतेकांचा हात आधी कोर्सच्या यादीकडे जातो, आणि तिथेच चुकतं. आधी ठरवायचं ते काय शिकायचं हे, आणि ते कंपनीच्या ट्रेनिंग विभागावर सोडून चालत नाही. त्यांना या वर्षीचं काम निभावायचं असतं. तुमच्या पुढच्या पाच वर्षांचा विचार तुम्हालाच करावा लागतो.

आत्ताच्या पदापेक्षा एक पायरी वरच्या पदाच्या १०-१५ जाहिराती गोळा करा. त्यांत मागितलेली कौशल्यं वहीत उतरवा आणि तेच कौशल्य पुन्हा दिसलं की पुढे एक रेघ मारा. निम्म्याहून जास्त जाहिरातींत जे आहे आणि तुम्हाला येत नाही, ती पहिली यादी. एखाद-दुसऱ्या जाहिरातीतच दिसणारं नाव कितीही भारदस्त असलं तरी सोडून द्या. दुसरी यादी घरच्या घरी होते: गेल्या तीन महिन्यांत काम कुठे अडलं, कोणती गोष्ट दुसऱ्याला विचारावी लागली? दोन्ही याद्यांत सापडेल ते कौशल्य घ्या. एकच घ्या, एकदम तीन घेतली की तिन्ही अर्धवट राहतात.

आता ते कामाच्या भाषेत लिहा. ‘एक्सेल शिकणे’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते कधी पूर्ण झालं हे कळतच नाही. ‘महिन्याचा विक्री अहवाल पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा सारांश काढणारी एक्सेलमधली सोय) वापरून, कुणालाही न विचारता, अर्ध्या तासात तयार करणे’ हे उद्दिष्ट.

मुदत १२ आठवडे, आठवड्याला चार तास: चार दिवस ४५-४५ मिनिटं आणि सुट्टीच्या दिवशी सलग एक तास. त्यातला एक तृतीयांश वेळ वाचायला किंवा व्हिडिओ बघायला, बाकीचा हाताने करून बघायला. लोक नेमकं उलटं करतात. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, म्हणून येतंय असं वाटतं. कोरी फाइल समोर आली की हात थांबतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला फार झपाट्याने विसरतं. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगांत पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर स्वतःला आठवून बघायला लावणारे पुढे गेले. त्यामुळे वही मिटा, कोऱ्या कागदावर पाच मिनिटं आठवेल ते लिहा, मग ताडून बघा आणि फक्त चुकलेलं पुन्हा वाचा. हेच साधारण एक, तीन, सात आणि २१ दिवसांनी करा. आठवताना डोकं शिणतं, ते शिणायलाच हवं.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात वरिष्ठांकडे एखादं छोटं खरं काम मागा: “हा अहवाल पुढच्या महिन्यापासून मी करतो, पहिले दोन तुम्ही तपासून द्या.” कौशल्य पूर्ण येईपर्यंत थांबलात तर ही वेळ येतच नाही. तपासणाऱ्याला ‘कसं वाटलं?’ विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर मिळेल. ‘यातलं काय तुम्ही वेगळं केलं असतं?’ असं विचारा.

एखादा आठवडा बुडाला तर राहिलेले तास पुढच्या आठवड्यात कोंबू नका. मुदत एका आठवड्याने वाढवा. थकबाकी चढली की माणूस सगळंच सोडतो. सलग तीन आठवडे बुडाले तर मात्र दोष चिकाटीत न शोधता निवडीत शोधा. बहुधा ते कौशल्य रोजच्या कामात कुठेच लागत नसतं.

प्रत्येक पूर्ण कामाची चार ओळींत नोंद ठेवा: तारीख, काय केलं, आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी प्रमाणपत्रापेक्षा ही नोंद जास्त बोलते. नोंद स्वतःकडे ठेवा, पण ग्राहकांची नावं, रकमा किंवा कंपनीच्या फाइली त्यात घेऊ नका. १२ आठवडे संपले की नव्या जाहिराती काढा आणि रेघा पुन्हा मोजा.