वेब ॲप सुरू होतानाच्या कोडची चाचणी

रत्नागिरीत वळवाच्या पावसाने वीज जाऊन आली, की हापूसच्या मागण्या नोंदवणारे आमचे वेब ॲप कार्यालयातल्या सर्व्हरवर पुन्हा सुरू होते. म्हणून प्रारंभीच्या कोडसाठी स्वयंचलित रिग्रेशन चाचण्या (आधी नीट चालणारे काही नव्या बदलाने बिघडले नाही ना, हे पाहणाऱ्या) मी अत्यावश्यक मानतो. हा कोड प्रत्येक प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक प्रतीत) सहसा एकदाच चालतो आणि त्याने बदललेली ग्लोबल स्थिती (सगळ्या प्रोग्रॅमची सामाईक माहिती) पुढच्या चाचणीतही उरते, त्यामुळे प्रत्येक चाचणीत ॲप स्वतंत्र प्रोसेस म्हणून सुरू करावे. पोर्ट, म्हणजे ॲप ज्या क्रमांकावर विनंत्या स्वीकारते तो, ० दिल्यास ऑपरेटिंग सिस्टीम मोकळा पोर्ट स्वतः निवडते. चाचणीला कळावा म्हणून तो पोर्ट ॲपने लॉगमध्ये नोंदवायला मात्र हवा.

अपयशाच्या चाचण्या अधिक मोलाच्या आहेत. डेटाबेसचा पत्ता देणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) काढून टाकावे आणि ॲप शून्याहून वेगळ्या एक्झिट कोडसह (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा; शून्य म्हणजे सारे ठीक) बंद होते का, त्रुटीच्या संदेशात त्या व्हेरिएबलचे नाव येते का, हे तपासावे. वीज आल्यावर कधीकधी ॲप डेटाबेसच्या आधी सुरू होते, म्हणून एका चाचणीत डेटाबेस मुद्दाम उशिरा सुरू करावा आणि ठरावीक सेकंद थांबण्याऐवजी, कमाल मुदत घालून, ॲपकडून २०० हा (‘सर्व ठीक’ या अर्थाचा) प्रतिसाद येईपर्यंत पुन्हा पुन्हा विनंती पाठवावी. एखादा दोष दुरुस्त करून त्यासाठी लिहिलेली नवी चाचणी दुरुस्तीपूर्वीच्या कोडवर खरोखर नापास होते, याचीही खात्री करावी.