लिंबूसत्वाने घरीच पीसीबी एच (etch) करा

पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, आणि एच करणं म्हणजे त्यावरचं नको तिथलं तांबं विरघळवून काढणं. त्यासाठी नेहमी वापरतात त्या फेरिक क्लोराईडचे डाग फरशीवरून निघता निघत नाहीत, म्हणून मी आता लिंबूसत्वावरच बोर्ड करतो. किराणा दुकानात सरबतासाठी मिळतं तेच, मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साईड आणि साधं मीठ, बास.

आधी कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड) ओल्या स्क्रबरने चकचकीत घासा, मग बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथलं तांबं नीट जात नाही. छोटं सर्किट असेल तर परमनंट मार्करने ट्रॅक (जिथे तांबं राहायला हवं त्या रेषा) काढा, दोन हात मारा. मोठं असेल तर गुळगुळीत मासिकाच्या कागदावर लेझर प्रिंट (इंकजेट चालत नाही) काढून इस्त्रीने दाबायचा, खाली जुनी सोलापुरी चादर चार घड्या करून घाला, दाब सगळीकडे सारखा बसतो. कागदावरचं चित्र बोर्डावर उलटं उमटतं हे प्रिंट काढायच्या आधी तपासा.

आता माप. १०० मिली ३ टक्के पेरॉक्साईड, ३० ग्रॅम लिंबूसत्व, ५ ग्रॅम मीठ. आपल्याकडे बाटलीवर बहुतेक ६ टक्के लिहिलेलं असतं, मग ५० मिली घेऊन तेवढंच पाणी घाला. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, स्टीलचं अजिबात नको. पेरॉक्साईड तांब्याला ऑक्सिडाईज करतं, लिंबूसत्व ते विरघळवून धरून ठेवतं, मिठातलं क्लोराईड वेग वाढवतं, म्हणून बुडबुडे येतात आणि पाणी निळं-हिरवं होत जातं. डबा हलवत राहा, माझा बोर्ड अर्ध्या तासाच्या आसपास होतो. थंडीत डबा कोमट पाण्यात ठेवावा लागतो, पण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये गरजच नाही, उलट सावलीत ठेवा कारण उन्हाने पेरॉक्साईडचंच विघटन होतं. खिडकी उघडी, चष्मा आणि हातमोजे घाला. ब्लीच यात चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू होतो.

झालं की पाण्याने धुवा, नेलपेंट रिमूव्हरने शाई पुसा आणि १ मिमीचं ड्रिल मारा.

उरलेलं पाणी गटारात ओतू नका हो, प्लीज. विरघळलेलं तांबं माशांना विषच असतं, आणि आपल्या गावात सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव आहेत. नुसता धुण्याचा सोडा टाकून भागत नाही, लिंबूसत्व तांब्याला सोडत नाही. त्यात लोखंडी स्टील वूल टाकून दोन दिवस ठेवा, झाकण सैल, कारण गॅस सुटत राहतो आणि गच्च बंद बाटली फुटू शकते. निळा रंग गेला की तांबं लाल गाळ होऊन खाली बसलेलं दिसतं, तो गाळ वाळवून सिमेंटच्या गोळ्यात बंद करून टाका.