मित्रांसोबत जाडजूड रहस्यकादंबरी वाचताय? मग या चुका टाळा

थंडी पडली की खानदेशात भरीत पार्ट्यांबरोबर वाचनाचे बेतही ठरतात. चार मित्र जमतात, 'यंदा काहीतरी मोठं वाचू' म्हणतात आणि पाचशे पानांची रहस्यकादंबरी काढतात. निवड चांगली असते, पण वाचायची रीत दरवेळी तीच आणि तशीच चुकीची. अमळनेर, भुसावळ, धुळे, जिथे म्हणून अशा मंडळींत बसलो तिथे चांगलं पुस्तक मध्यावर बंद पडताना पाहिलं, आणि कारणंही थोड्याफार फरकाने तीच निघाली. म्हणून एकदा स्पष्टच लिहितो.

उदाहरणाला विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची 'द मूनस्टोन' घेतो, कारण मिळून वाचायला याहून सोयीची रहस्यकादंबरी मला माहीत नाही. 1868 साली जानेवारी ते ऑगस्ट या काळात ती डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात 32 हप्त्यांत आली. श्रीरंगपट्टणच्या 1799 च्या वेढ्यात लुटलेला एक हिरा विलायतेत पोचतो, 1848 च्या जूनमध्ये एका मुलीला अठराव्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे मूळ इंग्रजी पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. हिरा कोणी नेला ते मी इथे सांगणार नाही, आणि कुणी सांगू लागलं तर तुम्हीही उठून जा.

पुढे वाचून येणं आणि 'मी काही सांगत नाही' म्हणून बसणं

सगळ्यांत जास्त राग मला या चुकीचा येतो. शेवट फोडणारा माणूस निदान ओळखू तरी येतो, त्याला गप्प करता येतं. पण जो गुपचूप शेवटपर्यंत वाचून येतो आणि शहाण्यासारखा बसून राहतो, तो पत्त्यांच्या डावात सगळ्यांची पानं आधीच बघून बसलेल्या भिडूसारखा असतो. त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच बाकीचे खेळू लागतात.

भुसावळच्या एका मंडळात रेल्वेतले एक दादा होते. वाचनवेडा आणि मनाने अगदी स्वच्छ माणूस. रात्रपाळीच्या निवांत वेळात त्यांनी अख्खी 'द मूनस्टोन' संपवली आणि कुणाला काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीत एका ताईंनी एका पात्रावर संशय घेतला. कोणावर, ते सांगत नाही, तेही फोडल्यासारखंच होईल. ताई मुद्देसूद बोलत होत्या. कोण कधी खोलीबाहेर गेलं, कोणाचं वागणं दुसऱ्या दिवशी बदललं, सगळं पानासकट. आम्ही कान देऊन ऐकत होतो. दादा गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही पुढे तर वाचा!"

एवढंच बोलले, पण ताई तिथेच थांबल्या. त्या पात्राचा विषय संपला, कारण हसण्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावलाच होता. पुढच्या खेपेला आणखी दोघे शेवटपर्यंत वाचून आले, कारण आपण एकटेच अंधारात का राहायचं? त्यानंतर बैठकीत बोलण्यासारखं काही उरलंच नाही. चहा झाला, पिकांच्या भावाच्या गप्पा झाल्या. दादांना कुणी दोष दिला नाही. मला विचाराल तर द्यायला हवा होता, कारण ताईंनी आठवडाभर मेहनत करून आणलेला विचार एका हसण्याने वाया गेला.

विशेष म्हणजे यावरचा उपाय त्याच कादंबरीत आहे. फ्रँकलिन ब्लेक नावाचं पात्र हिरा नाहीसा होण्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाकडून हकिगत लिहून घेतं, आणि अट अशी की ज्याने जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहायचं, तेही त्या वेळी जेवढं ठाऊक होतं तेवढंच. मिस क्लॅक नावाच्या बाईंना नंतर कळलेल्या गोष्टीही घालायच्या असतात. परवानगी मिळत नाही. कॉलिन्सने हा नियम साक्षीदारांना घातला, आपण तो वाचणाऱ्यांना घालायचा.

माझी सवय अशी. बसल्याबरोबर प्रत्येकाला विचारायचं, कुठवर आलात? मागे राहिलेल्याला लाजवायचं नाही. पुढे गेलेल्याने मात्र सरळ सांगायचं, आणि मग त्या दिवशी वही त्याच्या हातात. इतर जे बोलतील ते तो लिहून घेईल, स्वतः बोलणार नाही, मान हलवणार नाही, हसणार तर मुळीच नाही. एकदा वही लिहावी लागली की पुढच्या वेळी लोक आपोआप ठरलेल्या पानावर थांबतात.

दुसरी सवय चिठ्ठ्यांची. उठण्याआधी प्रत्येकाने एक नाव आणि एक कारण लिहायचं, तारीख घालायची, घडी करून स्टीलच्या डब्यात टाकायची. काहींना हा पोरखेळ वाटतो. पण कागद नसला की शेवटच्या दिवशी प्रत्येक जण हमखास म्हणतो, "माले पहिलेच समजनं व्हतं!" आणि कुणाला खरंच समजलं होतं, कुठल्या वाक्यावरून समजलं होतं, हे कळायचं राहूनच जातं. मिळून वाचण्यातला खरा आनंद मला तिथेच मिळतो.

एकाने वाचायचं, बाकीच्यांनी सारांश ऐकायचा

आपल्याकडे ही चूक फार होते, कारण मंडळात सगळ्यांचं इंग्रजी सारखं नसतं. मग कॉलेजात शिकवणारे कुणी सर असतात, त्यांच्यावर काम सोपवलं जातं. सर प्रकरण वाचून येतात आणि दहा मिनिटांत सांगून टाकतात. सांगतातही छान, कधी मराठीत, कधी अहिराणीत, लोक रंगून ऐकतात. पण रहस्यकादंबरीचा सारांश सांगणारा माणूस नकळत एक निर्णय घेत असतो: कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली किरकोळ. लेखकाने मात्र नेमकी महत्त्वाची गोष्ट किरकोळ वाटावी म्हणूनच जिवाचा आटापिटा केलेला असतो.

धुळ्यात एका घरी आम्ही हे बघितलं. हिरा ज्या मुलीचा, तिच्या बसायच्या खोलीच्या दारावर ओला रंग असतो आणि त्या रंगाला एक छोटासा फराटा उठलेला असतो. सांगणाऱ्या सरांनी तो वगळला. नोकरांची घाबरगुंडी सांगितली, पोलिसांची धांदल सांगितली, दाराचा रंग गाळला. मग लंडनहून सार्जंट कफ हा पोलीस गुप्तहेर येतो आणि पहिल्या झटक्यात त्या फराट्यापाशी थांबतो. स्थानिक पोलीस अधिकाऱ्याने ती गोष्ट किरकोळ म्हणून सोडलेली असते. कफ त्याला ऐकवतो की किरकोळ म्हणावी अशी गोष्ट मला अजून भेटलेली नाही. ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांना हा फराटा कुठून आला तेच कळेना. एक वहिनी तर चिडल्याच, "सर, हे तुम्ही सांगितलंच नाही!" त्यांचं चिडणं रास्त होतं. वाचक म्हणून त्यांचा हक्कच काढून घेतला गेला होता.

माझा उपाय वेळखाऊ आहे, आणि तसाच असायला हवा. जे प्रकरण घडामोडीचं असेल ते मोठ्याने, पूर्ण, ओळीने वाचायचं. वाक्य झालं की अर्थ सांगायचा, मग पुढचं. मत घालायचं नाही, 'हे लक्षात ठेवा बरं का' असं म्हणायचं नाही, आवाजही बदलायचा नाही. एका बैठकीत दोनच प्रकरणं झाली तरी चालतील. ज्यांना याची घाई होते त्यांनी लघुकथा वाचाव्यात, त्यात कमीपणा काही नाही.

सोबत वही हवीच. पात्रांची नावं सगळेच लिहितात, पण तेवढ्याने भागत नाही. मी रकाने पाडतो: कधी, कुठे, काय घडलं आणि हे सांगतंय कोण. शेवटचा रकाना सोडला तर वहीचा उपयोग अर्धाच. 'द मूनस्टोन'चा पहिला मोठा भाग गॅब्रिएल बेटरेज हा घरचा जुना कारभारी सांगतो. त्याची मालकिणीवर निष्ठा, मुलांवर माया. तो खोटं बोलत नाही, पण त्याची नजर मायेची आहे. पुढे मिस क्लॅक येते, तिची नजर द्वेषाची. मग वकील, मग आणखी कोणी. तोच माणूस एकाच्या तोंडून सज्जन आणि दुसऱ्याच्या तोंडून भलताच दिसतो. वहीत सांगणाऱ्याचं नाव नसेल तर दोन्ही गोष्टी तुम्ही सारख्याच खऱ्या धरून बसता आणि मग लेखकाने फसवलं म्हणून ओरडता.

कंटाळवाणा भाग उडवणं

मिस क्लॅकचे उपदेश उडवून पुढे गेलेले लोक मला ठाऊक आहेत. कामाच्या गोष्टी तिने त्या उपदेशांच्या मधोमधच टाकलेल्या आहेत. उंबेर्तो इकोच्या 'द नेम ऑफ द रोझ' या ख्रिस्ती मठात घडणाऱ्या रहस्यकादंबरीबद्दलही हीच तक्रार ऐकतो, की पहिली शंभर पानं जड आहेत. इकोला ती कमी करायला सांगितलं गेलं होतं आणि त्याने ठाम नकार दिला. त्याचं म्हणणं, 1327 सालच्या त्या मठात सात दिवस राहायचं तर मठाची चाल वाचकाने पत्करलीच पाहिजे. मला ते पूर्ण पटतं. मात्र नव्या मंडळाने पहिल्याच वर्षी इको घेऊ नये. घेतलाच, तर कादंबरी सात दिवसांतच विभागलेली आहे, त्याप्रमाणे बैठका लावा, आणि मठाचा नकाशा मोठ्या कागदावर काढून भिंतीला चिकटवा.

बाकीच्या, थोडक्यात

प्रस्तावना आधी वाचू नका. जुन्या कादंबऱ्यांच्या अभ्यासू प्रस्तावना गुन्हेगाराचं नाव बिनदिक्कत सांगतात.

पात्राचं नाव फोनवर शोधू नका. अर्धं नाव टाइप होतं न होतं तोच खाली 'मृत्यू' सुचवलेला दिसतो.

पान नंबरावर मुक्काम ठरवू नका. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी, कुणी मोबाइलवर वाचतं. प्रकरणावर थांबा.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप वेळ आणि ठिकाण कळवण्यापुरता. चर्चा तिथे सुरू झाली की मागे राहिलेल्यांचं पुस्तक गेलं.

सहा-सात माणसं पुरे. बारा जमली की दोघं बोलतात आणि दहा जण मोबाइल बघतात.

भरीत नंतर. बामणोदची वांगी भाजायला घेतली की पुस्तक कुणी उघडत नाही, म्हणून आधी प्रकरण, मग चूल.

चैत्र-वैशाखात सुरुवात करू नका. जळगावचं ऊन आणि लग्नसराई यांच्यापुढे कुठलंच मंडळ टिकत नाही. 'द मूनस्टोन'चे 32 हप्ते आठवड्याला दोन धरले तर सोळा आठवडे होतात. दिवाळी झाल्यावर लगेच उघडलं तर होळीच्या आसपास संपतं.

शेवट कळला की उठून जाणं

गुन्हेगार कळतो, लोक पुस्तक मिटतात, 'पुढचं कोणतं?' विचारतात. हे मला सहन होत नाही. एवढी मेहनत केली ती फक्त एका नावासाठी का? शेवटानंतर एक बैठक राखून ठेवा, नेहमीपेक्षा लांब. डबा उघडा, चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावा आणि वाचा. कोणाचा संशय कधी फिरला, कोणत्या प्रकरणाने फिरवला, ते वहीशी ताडून बघा. मग वाढदिवसाच्या रात्रीची प्रकरणं पुन्हा मोठ्याने वाचा. लेखकाने सगळं डोळ्यांसमोर ठेवलं होतं ते आता दिसतं, आणि जी वाक्यं पहिल्यांदा कुणाच्या लक्षातही आली नव्हती तिथे मंडळी एकमेकांना थांबवतात. अमळनेरच्या मंडळात या बैठकीला दोन वेळा चहा लागतो, म्हणून ती संध्याकाळी न ठेवता दुपारी तीनलाच सुरू करतात.