नवा पार्ट घेण्याआधी: बिघडलेला डेस्कटॉप कसा तपासावा

डेस्कटॉप बिघडला की पहिला संशय रॅमवर, दुसरा एसएमपीएसवर (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), आणि मग अंदाजपंचे खरेदी. मीही हे केलंय. पीसी चालू केला की चार-पाच सेकंदांत बंद व्हायचा, म्हणून नवा एसएमपीएस आणला. दोषी निघालं कॅबिनेटचं पॉवर बटण, आत रुतून बसलेलं. बटण ४ सेकंद दाबून ठेवलं की मशीन बंद होतं, हे ठाऊक असूनही सुचलं नाही.

म्हणून आधी लक्षण कागदावर लिहा. पंखेसुद्धा फिरत नाहीत? पंखे फिरतात पण स्क्रीन काळी? की नीट सुरू होतो आणि कामाच्या मधेच रीस्टार्ट? तिन्हींच्या वाटा वेगळ्या. कधी होतं तेही लिहा: गेम खेळताना, की नुसता उघडा असताना? आणि डिस्क दिसत असेल तर कशालाही हात लावण्याआधी डेटाचा बॅकअप.

मग बाहेरच्या गोष्टी. पॉवर कॉर्ड बदलून बघा, एसएमपीएसच्या मागचा स्विच बघा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टात खोचलेली असणं ही तर रोजची गंमत.

आता कॅबिनेट उघडा. कॉर्ड काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. मदरबोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारी छोटी उभी नळकांडी) वरून फुगलेत का, ते टॉर्च मारून बघा. २४ पिनांचा आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवा. रॅम काढा, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा (खोडरबराचा चुरा स्लॉटात जाऊ देऊ नका) आणि ‘टक’ आवाज होईपर्यंत दाबा. निम्म्या काळ्या स्क्रीन इथेच उजळतात, असा माझा अनुभव.

तरीही काही नाही? मग सगळं काढून टाका. फक्त मदरबोर्ड, कूलरसह प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस ठेवा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डही काढा. एवढ्यावर चालू झाला, तर एकेक वस्तू परत लावत जा. जिच्यानंतर अडेल ती संशयित. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळतच नाही. बीप किंवा मदरबोर्डावरचे छोटे दिवे काही सांगत असतील, तर त्यांचा अर्थ मॅन्युअलमध्ये असतो. बटणावर शंका असेल तर त्याची वायर काढून मदरबोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा.

एसएमपीएस पीसीपासून सुटा करून २४ पिनांतली हिरवी आणि कुठलीही एक काळी वायर तारेने जोडली की पंखा फिरतो, ही चाचणी प्रसिद्ध आहे. पण त्यातून एवढंच कळतं की तो सुरू होतो. भार पेलतो का, ते नाही. मल्टिमीटर असेल तर पीसी चालू असताना १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ मध्ये हवी. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, आतले कपॅसिटर कॉर्ड काढल्यावरही झटका देऊ शकतात.

मधेच रीस्टार्ट होत असेल तर आधी तापमान. प्रोसेसर नुसता बसलेला असताना ८०-९० अंशांवर असेल तर पार्ट नको. धूळ काढा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक एसएमपीएस बदलतात. त्या नोंदीचा अर्थ फक्त ‘मशीन नीट बंद झालं नव्हतं’ एवढाच. कारण ती सांगत नाही. रॅमसाठी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एक एरर आली तरी ती खरी धरा, पण एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून आणि पट्ट्या एकेक लावून पुन्हा तपासा.

डिस्क अडखळत असेल तर तिची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचा. ‘पेंडिंग सेक्टर’चा (नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांचा) आकडा वाढत असेल तर डिस्क जाणार. फक्त ‘सीआरसी एरर’ (डेटा ये-जा करताना होणाऱ्या चुका) वाढत असतील तर बहुधा डिस्क मदरबोर्डाला जोडणारी साटा केबल खराब, आणि ती बदलायला डिस्कच्या मानाने काहीच लागत नाही.

मदरबोर्डावरचा ठपका सगळ्यात शेवटी. त्याची घरच्या घरी सरळ अशी चाचणी नाही. रॅम, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या चालू पीसीत धडधाकट ठरले, की मदरबोर्ड आणि प्रोसेसर एवढेच उरतात, आणि त्यातही आधी मदरबोर्ड.