हॉस्टेलच्या बजेटमध्ये सणाचं जेवण

माणसं वाढल्याने खर्च जेवढा वाढत नाही तेवढा पदार्थ वाढल्याने वाढतो. म्हणून मुख्य पदार्थ एकच ठेवा, मोठ्या पातेल्यात होणारा आणि सगळ्यांना चालणारा. कडधान्यं यासाठी उत्तम. रात्रभर भिजवून शिजवली की वजनाला दुपटीहून जास्त भरतात. राजमा असेल तर भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळू द्या. अर्धाकच्चा राहिला तर पोट हमखास बिघडतं. सोबत भात करणार असाल तर माणशी 75 ग्रॅम तांदूळ पुरतो.

“काय आणू?” असं कुणी विचारलं तर “काही नको” म्हणू नका. नेमकं सांगा: तू कोशिंबीर, तू बर्फ, तू तुझ्याकडचं मोठं पातेलं. मोघम सांगितलं की सगळेच चिप्सची पाकिटं घेऊन येतात! ताटं कमी पडली तर शेजारच्या खोलीतून मागून आणा. वापरून फेकायच्या प्लेट्सवर पैसे घालवणं मला अजिबात पटत नाही.

उरलेलं अन्न, विशेषतः भात, पसरट डब्यांत काढून 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.