स्पेनमधल्या गावच्या उन्हाळी फिएस्ता: निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी गाव ठरवा, आणि एकच ठरवा. उन्हाळ्यात स्पेनला जायचं म्हटलं की पाम्प्लोनातली बैलांची धाव, बुन्योलमधली टोमॅटोंची फेकाफेक, शिवाय माद्रिद आणि बार्सिलोना असं सगळं दहा-बारा दिवसांत कोंबलं जातं. ही ठिकाणं बघण्यासारखी आहेतच, पण तिथे आपण हजारोंच्या गर्दीतले एक बघे असतो. स्पेनमध्ये जवळजवळ प्रत्येक गावाची, आपल्या संताच्या किंवा देवमातेच्या नावाने, स्वतःची फिएस्ता, म्हणजे सण-जत्रा, असते. ज्यांना माणसं भेटायला आवडतात त्यांनी अशाच एखाद्या लहान गावात सलग तीन रात्री काढाव्यात, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या दिवशी तुम्ही परके असता. दुसऱ्या दिवशी पाववाली ओळखीचं हसते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी आपल्या टेबलाशी खुर्ची ओढून देतं. एका दिवसाच्या धावत्या भेटीत हे घडत नाही.

ऑगस्टमध्येच एवढी गर्दी का, हे कळलं की तयारीचं अर्धं काम होतं. गेल्या शतकात, विशेषतः १९५० ते १९७० च्या दशकांत, खेड्यांतली माणसं कामासाठी माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओला गेली, काही थेट जर्मनी-फ्रान्सला पोचली. ती सुट्टीला ऑगस्टमध्ये गावी येतात, म्हणून कित्येक गावांनी आपला थंडीतला सणसुद्धा ऑगस्टमध्ये हलवला. गणपतीला चाकरमानी आले की कोकणातलं गाव जसं भरतं, तसंच हे. वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतात, नातवंडं रात्री दोनपर्यंत चौकात खेळतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की गावातल्या मोजक्या खोल्या आधीच गेलेल्या असतात. तेव्हा खोली पाच-सहा महिने आधी धरा, आणि गावात नाहीच मिळाली तर जवळच्या शहरात घेऊन गाडीची सोय करा.

तारखा संतांच्या दिवसांवरून लावा. ‘सान’ म्हणजे संत. २३ जूनची रात्र सान हुआनची. २९ जून सान पेद्रोचा. ६ जुलैला दुपारी बारा वाजता पाम्प्लोनाच्या नगरपालिकेच्या सज्जातून ‘चुपिनासो’ हा उद्घाटनाचा फटाक्यांचा बाण सुटतो आणि सान फेर्मीनचा सण सुरू होतो, तो १४ जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत. १६ जुलैला कोळ्यांची देवता विर्हेन देल कार्मेन होडीतून समुद्रात जाते. २५ जुलै सान्तियागोचा, १५ ऑगस्ट असुन्सिओनचा, म्हणजे मारियाच्या स्वर्गारोहणाचा, आणि १६ ऑगस्ट सान रोकेचा. नुसते १५ आणि १६ ऑगस्ट धरले तरी देशभरात कुठेही जा, फिएस्ता सापडेल. गोव्यातल्या वाचकांना यातला जून ओळखीचा वाटेल. २४ जूनचा सांजांव आणि सान हुआन हा एकाच संताचा दिवस. गोव्यात त्या दिवशी भरलेल्या विहिरींत उड्या पडतात, तर तिकडे वायव्य स्पेनमधल्या गालिसियात, आ कोरुन्या शहराच्या किनाऱ्यावर रात्रभर शेकोट्या पेटतात, त्यांवरून उड्या मारतात आणि सार्डिन मासे भाजतात. त्याच भागात त्या रात्री सुगंधी वनस्पती पाण्यात घालून ठेवतात आणि सकाळी त्या पाण्याने तोंड धुतात. कुणी पुढे केलं तर जरूर धुवा.

व्हिसाचं काम गाव ठरलं त्याच आठवड्यात हाती घ्या. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत भेटीची वेळ मिळणं हेच खरं अवघड काम. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, कारण लहान गावांना बस दिवसातून एखादीच असते आणि सणाच्या दिवशी तीही नसू शकते.

मग मिळवायचा तो कार्यक्रम. बहुतेक गावांची नगरपालिका फिएस्ताचं एक पुस्तक काढते. त्यात महापौरांचं मनोगत, गावातल्या खाटीक, गवंडी, केशकर्तनालयाच्या जाहिराती आणि तासातासाचं वेळापत्रक असतं. ते सहसा दोन-तीन आठवडे आधी नगरपालिकेच्या संकेतस्थळावर किंवा फेसबुकवर येतं. फोनवर भाषांतर करून सगळं वाचा. ‘प्रेगोन’ म्हणजे सज्जातून होणारं उद्घाटनाचं भाषण, ते चुकवू नका. ‘पेन्या’ म्हणजे मित्रमंडळींचे गट, त्यांचे एकसारखे शर्ट आणि भाड्याने घेतलेली जागा असते. ‘चारांगा’ हा फिरता बँड. ‘कोमीदा पोपुलार’ म्हणजे सगळ्या गावाचं एकत्र जेवण, त्याची कुपनं आदल्या दिवशीच बारमध्ये किंवा नगरपालिकेत विकली जातात आणि संपतात. गावात पोचल्यावर पहिलं काम ही कुपनं घेणं. ‘वेर्बेना’ म्हणजे रात्रीचं नाचगाणं. वेळ रात्री बाराची लिहिलेली असते, खरं सुरू होतं साडेबाराला आणि चालतं पहाटेपर्यंत.

म्हणजे झोपेचीही तयारी करावी लागते. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद असतात, रस्ते सुनसान असतात आणि अनेक ठिकाणी उन्हाचा पारा चाळिशीला टेकतो. या वेळात हट्टाने फिरू नका, झोपा. रात्रीचं जेवण दहानंतर. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांनाही दुपारी झोपवा, कारण तिथली मुलं मध्यरात्रीही जागीच असतात आणि तुमच्या मुलांना त्यांच्यात खेळायला मिळणं ही त्यांच्या सहलीतली सर्वांत मोठी गोष्ट ठरेल. आपण मुंबईच्या पावसातून निघतो आणि तिथे समुद्रापासून दूरच्या गावांत हवा कोरडी ठणठणीत असते. घाम कळत नाही, तहान उशिरा लागते. ओआरएसची पाकिटं, रुंद काठाची टोपी आणि पाण्याची बाटली सतत जवळ हवी. गावातल्या कारंज्यावर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

आता दोन गावांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मोठ्या सहलींच्या यादीत ती सहसा नसतात.

पहिलं सान पेद्रो मान्रिके, सोरिया प्रांतातलं काहीशे वस्तीचं डोंगरी गाव. २३ जूनच्या संध्याकाळी देवळाशेजारच्या मोकळ्या जागेत ओकच्या लाकडांचा ढीग पेटवतात. निखारे झाले की लांब दांड्यांनी ते पसरून, ठोकून, त्यांचा पट्टा करतात. मध्यरात्री तुतारी वाजते आणि गावकरी अनवाणी त्यावरून चालतात, बहुतेक जण पाठीवर कुणालातरी घेऊन. कुणी बायकोला उचलतं, कुणी लेकीला, कुणी मित्राला. पाय अलगद टाकत नाहीत, दाबून रोवतात. डेन्मार्कमधल्या विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधकांनी इथे लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले होते, तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. निखाऱ्यांवरून चालणारा आणि गर्दीत बसलेले त्याचे नातलग-मित्र यांचे ठोके एकाच लयीत चढ-उतार करत होते. बाहेरून बघायला आलेल्यांचे नाही. मला या सणाविषयी वाचलेल्या सगळ्यांत हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तीन रात्रींचा आग्रह मी धरते त्यामागेही तोच आहे. ओळख झालेला माणूस निखाऱ्यांकडे जाताना बघणं आणि अनोळखी माणूस जाताना बघणं, यांत फार अंतर आहे. इथली तयारी अशी: बसायच्या पायऱ्यांवर दोन-अडीच तास आधी जागा धरा, आणि हजार मीटरहून उंच ठिकाण असल्याने रात्रीसाठी स्वेटर घ्या, जून असला तरी. स्वतः चालायचा विचारही मनात आणू नका, तो गावाचा मान आहे. मुक्काम बहुधा सोरिया शहरात करावा लागेल, आणि रात्री परतताना डोंगरातला रस्ता अंधारा आणि वळणांचा आहे. म्हणून गाडी चालवणाऱ्याने दारूला हात लावायचा नाही, हे निघण्याआधीच ठरवा.

दुसरं आंगियानो, ला रिओहा प्रांतात, लोग्रोन्योपासून ५० किलोमीटरच्या आत. २२ जुलैला, संत माग्दालेनाच्या दिवशी, आठ तरुण साधारण ४५ सेंटिमीटर उंचीच्या लाकडी पायघोड्या, म्हणजे उंच करणाऱ्या काठ्या, पायांना बांधून चर्चच्या पायऱ्या उतरतात. अंगात रंगीत पट्ट्यांचा बंडीसारखा अंगरखा, खाली पिवळा घोळदार घागरा, हातात चिपळ्या. मग एकेक जण दगडी उतारावरून गरगर फिरत खाली सुटतो. घागरा छत्रीसारखा फुगतो आणि पायघोड्यांचा खडखडाट गल्लीभर घुमतो. त्यांना थांबवायला खाली कोणतंही साधन नसतं, माणसंच दाटीने उभी राहून त्यांना झेलतात. म्हणून उताराच्या तोंडाशी उभं राहायचं असेल तर पाठीवर पिशवी नको, गळ्यात कॅमेरा नको, दोन्ही हात मोकळे हवेत. ते जमणार नसेल तर कडेला भिंतीला लागून उभे राहा. गावची लाल राजम्यासारखी कडधान्यं प्रसिद्ध आहेत, पण ती मांसाच्या तुकड्यांबरोबर शिजवतात.

त्यावरून शाकाहारींसाठी. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण हॅम आणि ट्यूना हे अनेकांच्या लेखी मांसात मोडतच नाहीत. ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो’ (मांस नको, हॅम नको, मासे नको) हे तिन्ही सांगा आणि ते कागदावर लिहून ठेवा. टोमॅटो चोळलेला पाव, गास्पाचो हे टोमॅटोचं थंड सूप, तळलेल्या पाद्रोन मिरच्या, अंडं चालत असेल तर तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, आणि पहाटे चुर्रो हे तळलेल्या पिठाचे लांब तुकडे, एवढ्यावर दिवस छान निघतो. बरोबर चिवडा, भडंग, शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे, बर्फी, तूप मात्र घरीच ठेवा, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत.

कपडे सणावरून ठरतात. ईशान्येकडच्या काताल्युनियातल्या कोर्रेफोक या आगीच्या मिरवणुकीत सैतानाच्या वेशातली माणसं ठिणग्यांचे फवारे उडवत गर्दीतून धावतात. तिथे जुने सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला रुमाल, डोळ्यांना गॉगल. नायलॉन अजिबात नको, ते वितळून कातडीला चिकटतं. आरो गावच्या २९ जूनच्या वाइनच्या लढाईला पांढरे कपडे घालतात. द्राक्षमळ्यात वापरतात ते पाठीवरचे फवारणी पंप वाइनने भरून आणलेले असतात, तेव्हा ते कपडे परत वापरायचे नाहीत असं धरून चला आणि बदलायचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पाम्प्लोनातही पांढरं, शिवाय लाल रुमाल. तो चुपिनासोच्या बाणाआधी गळ्यात बांधत नाहीत, तोवर मनगटाला गुंडाळतात. बुन्योलच्या टोमातिनाला, म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी होणाऱ्या टोमॅटोंच्या लढाईला, २०१३ पासून तिकीट लागतं. पोहण्याचा चष्मा आणि बंद बूट घाला, टोमॅटो हातात चिरडूनच फेका.

बैलांविषयी मनाशी आधीच ठरवून जा. पाम्प्लोनात सकाळी आठला रस्त्यावरून धावणारे सहा बैल त्याच संध्याकाळी रिंगणात मारले जातात. मी रिंगणाचं तिकीट काढत नाही आणि तुम्हीही काढू नका, असं मनापासून सांगेन. गावच्या कार्यक्रमात ‘एन्सिएर्रो’ (रस्त्यातली बैलांची धाव), ‘वाकियास’ (मोकळ्या सोडलेल्या तरण्या गायी) किंवा शिंगांवर आग लावलेला ‘तोरो एम्बोलादो’ असेल तर त्या वेळेला दुसरीकडे जाता येतं, कुणी वाईट वाटून घेत नाही. धावण्याच्या मार्गात मात्र कुतूहलापोटीही उतरू नका.

आग्नेय स्पेनमधल्या एल्चे शहराचा मिस्तेरी, म्हणजे धार्मिक संगीतनाट्य, हा या सगळ्यांत वेगळा आहे आणि संगीताची आवड असलेल्यांनी तो पहिल्या पसंतीचा मानावा. सान्ता मारिया बासिलिकात १४ आणि १५ ऑगस्टला होणारं हे मध्ययुगीन परंपरेचं नाट्य आरंभापासून शेवटपर्यंत गायलं जातं, येशूची आई मारिया हिचं कामही मुलगाच करतो. घुमटाला लावलेल्या चित्रातल्या आकाशाचं दार उघडतं आणि डाळिंबाच्या आकाराच्या पाळण्यातून गाणारा देवदूत दोरीने खाली येतो. २००१ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून मान दिला. जागा न मिळाल्यास ११, १२ आणि १३ ऑगस्टच्या रंगीत तालमींची तिकिटं बघा. आत गर्दीत भयंकर उकडतं, हातपंखा घ्या. १३ च्या रात्री शहरभर आतषबाजी असते, आवाज सोसत नसेल त्यांनी कानात बोळे घालावेत.

सुरक्षिततेचं थोडक्यात. आपत्कालीन क्रमांक ११२. मोठ्या फिएस्तांत जांभळ्या रंगाचे ‘पुन्तो व्हिओलेता’ तंबू असतात, छेडछाडीचा त्रास झाल्यास तिथे मदत मिळते. मुलींनी पहिल्याच संध्याकाळी ते कुठे आहेत बघून ठेवावं. वणव्याच्या दिवसांत शेकोटी-फटाके रद्द होतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गालिसिया आणि कास्तिया-लेओनमध्ये प्रचंड वणवे लागले होते. त्यामुळे निघण्याच्या सकाळी नगरपालिकेचं पान पुन्हा उघडून बघा. सुटे युरो ठेवा, गावच्या मंडपातला पेला अनामत देऊन घ्यायचा असतो.

आणि परतीचं विमान शेवटच्या रात्रीनंतर लगेचच्या सकाळचं घेऊ नका, मध्ये एक पूर्ण दिवस ठेवा. त्या दिवशी गाव उशिरापर्यंत झोपलेलं असतं, बार दुपारपर्यंत उघडत नाही आणि टॅक्सीवालाही पहाटेपर्यंत नाचलेला असतो. सकाळचं पाणी, पाव आणि फळं आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा.